जुन्या पॉवरबोटीचा डॅशबोर्ड दुरुस्त करताना: आधी मागची बाजू, मग पुढची

जुनी पॉवरबोट घेतली की नजर आधी डॅशबोर्डावर अडते. उन्हानं पांढरट पडलेला जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा रंगीत थर), गेज म्हणजे मापकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आधीच्या मालकानं काढून नेलेल्या फिशफाइंडरच्या (मासे शोधणाऱ्या यंत्राच्या) जागी उरलेलं भोक आणि त्यावर कशीबशी चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी. हे बघितलं की हात शिवशिवतात ते थेट पुट्टी आणि रंगासाठी. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका.

डॅशच्या तोंडावर दिसणारं बहुतेक नुकसान मागून आलेलं असतं. स्टीअरिंगला मागून नीट आधार नाही म्हणून फायबरग्लास दबतो आणि त्याला भेगा पडतात. पुढच्या काचेच्या चौकटीखालून पाणी झिरपतं म्हणून आतला प्लायवूड कुजतो. वायरींचं जंजाळ उघडताच येत नाही म्हणून कुणीतरी नवं भोक पाडून नवा स्विच बसवतो. कारण तसंच ठेवून वरून रंग दिला तर एका मोसमात त्याच भेगा त्याच जागी परत येतात. म्हणून या लेखातला सगळा क्रम मागून पुढे जातो, आणि शेवटी डॅश असा बांधायचा की तो चार स्क्रू काढून पुन्हा उघडता येईल.

हात लावण्याआधी

बॅटरीचा आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण बिल्ज पंपासारख्या (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) काही वायरी त्या स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवरून आलेल्या असतात. बोट पाण्यात असेल तर इथे मोठा धोका आहे. बॅटरी सुटली की बिल्ज पंपही बंद पडतो, आणि तुम्ही डॅशमध्ये डोकं घालून बसलेले असताना खाली पाणी साचत राहतं. बोट बाहेर काढता येत नसेल तर पंप आणि त्याचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) वेगळ्या फ्यूजवरून चालू ठेवा, बाकी सगळं तोडा. इंजिन पेट्रोलचं असेल तर काम सुरू करण्याआधी इंजिनावरचं झाकण, म्हणजे हॅच, उघडून हवा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते, आणि तिला एक ठिणगी पुरते.

मग फोटो. आधी पूर्ण डॅशचा, मग प्रत्येक गेजच्या पाठीचा जवळून, एकही वायर सुटण्याआधी. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा आणि तिच्यावर दोन गोष्टी लिहा: ती कुठून आली आणि कुठे लागली होती. नुसतं 'गेज' असं लिहिलेली चिठ्ठी तीन आठवड्यांनी काहीच सांगत नाही. वर पारदर्शक टेपचा एक वेढा द्या, नाहीतर हाताच्या घामानं शाई पुसते.

अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या, म्हणजे एबीवायसीच्या, पद्धतीनं बांधलेल्या बोटींत वायरींचे रंग ठरलेले असतात. जांभळी इग्निशनची, करडी टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाची), गुलाबी इंधन गेजची, फिकट निळी ऑइल प्रेशरची, बदामी पाण्याच्या तापमानाची, गर्द निळी केबिन आणि गेजच्या दिव्यांची, तपकिरी पंपाची. पिवळ्यावर लाल पट्टा असेल तर ती स्टार्टरची. पण नुसत्या पिवळ्या वायरीपाशी सावध राहा. आता निगेटिव्हसाठी काळ्याइतकीच पिवळीही चालते, आणि जुन्या बोटींत मात्र हीच पिवळी ब्लोअरचा (इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढणाऱ्या पंख्याचा) पॉझिटिव्ह असू शकते. शिवाय आधीच्या मालकानं हाताला आली ती वायर वापरलेली असते. रंगावरून अंदाज बांधा, खात्री मल्टिमीटरनंच करा.

भेगा काय सांगतात

भेगांची दिशा बघा, तिच्यावरून कारण कळतं. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून निघून बाहेर पळणारी भेग म्हणजे तो कोपरा काटकोनात कापला गेला आणि सगळा ताण तिथे एकवटला. एका बिंदूभोवती चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळलं, किंवा स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळला. चाकाभोवती कडं करून असलेल्या भेगांमागे बहुतेक वेळा हलणारं स्टीअरिंग असतं. खात्री करायची असेल तर कुणालातरी चाक एका टोकापर्यंत नेऊन जोर लावायला सांगा आणि तुम्ही डॅशवर तळहात टेकवून ठेवा. फायबरग्लास हाताखाली आतबाहेर होताना जाणवला तर मागचा आधार अपुरा आहे, हे पक्कं समजा.

नंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं डॅश सगळीकडे ठोकून बघा. टणक, स्वच्छ आवाज आला तर आत सगळं ठीक. बद्द आवाज आला तर आतला प्लायवूड भिजलेला किंवा फायबरपासून सुटलेला आहे. स्क्रूखाली ओघळलेले तपकिरी डाग तेच सांगतात.

पाणी येतं कुठून हे आत्ताच शोधा. गेज काढण्याआधीच मागच्या बाजूला ठिकठिकाणी टिश्यू पेपर चिकटवा आणि बाहेरून नळीनं पाणी सोडा, खालून वर या क्रमानं. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच उमगत नाही. आधी गेजच्या कडा, मग स्विच, मग काचेच्या चौकटीचा तळ. माझ्या अनुभवात दोषी बहुधा चौकटीचे स्क्रूच असतात. ते एकेक काढून भोकाच्या तोंडाला किंचित खोलगट उतार द्या, ब्युटाइल टेपचा (मऊ, चिकट सीलिंग टेपचा) छोटा गोळा स्क्रूच्या मानेभोवती गुंडाळा आणि परत बसवा. हे न करता पुढे गेलात तर नवा डॅशही कुजेल.

चाक आणि गेज काढताना

बहुतेक चाकं निमुळत्या दांड्यावर, चावी (दांड्याच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) आणि नट यांनी बसवलेली असतात. मधलं झाकण काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, तो दोन आट्यांवर तसाच राहू द्या. मग पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावून ओढा. वर्षानुवर्षं मिठानं धरलेलं चाक सुटतं तेव्हा झटक्यात सुटतं, आणि तो नट नसेल तर ते थेट तुमच्या तोंडावर येतं. दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नका. तो मार आतल्या गिअरला किंवा बेअरिंगला बसतो. स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल तर शक्य तितकं होसेस न सोडताच पंप बाजूला टेकवून ठेवा. होस सोडला की आत हवा शिरते आणि ती काढण्याचं वेगळं काम वाढतं.

गेज मागून पट्टीनं धरलेले असतात. नट गंजलेला असेल तर भेदक तेल लावून रात्रभर ठेवा, कारण जोर केला तर नटासोबत गेजचा खांबच फिरतो आणि आतली जोडणी तुटते. सुटलेला प्रत्येक गेज त्याच्या पट्टी आणि नटांसह वेगळ्या पिशवीत ठेवा.

सांधायचा, झाकायचा की नवा करायचा

या टप्प्यावर डॅश उघडा पडलेला असतो आणि निर्णय घ्यायची हीच वेळ. फायबरग्लास आतून घट्ट असेल आणि नको असलेली भोकं चार-पाचच असतील तर मूळ डॅश सांधून रंगवा. तो बोटीच्या अंगाचाच राहतो आणि सगळ्यात सुबक दिसतो. भोकं इतकी असतील की मध्ये जेमतेम पट्ट्या उरल्या आहेत, तर बहुतेक भाग एकच मोठं चौकोनी तोंड करून कापून टाका आणि त्यावर वेगळं पॅनल बसवा. मला हाच मार्ग जास्त आवडतो. पॅनल घरी टेबलावर आरामात करता येतं, आणि पुढे प्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) बदलला तर नुसतं पॅनल बदलून भागतं.

पॅनलसाठी काय वापरावं? मॅट काळं ६ मिमी अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, कापायला सोपं, पण त्याला प्रसरणाला जागा लागते. ८० सेमी लांबीचं अ‍ॅक्रिलिक ३० अंश तापमान वाढलं की साधारण १.७ मिमी लांब होतं. म्हणून स्क्रूची भोकं दीड मिमी मोठी ठेवायची आणि स्क्रू हलकेच आवळायचे. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या क्लीनरनं ते पुसायचं नाही, बारीक तडे जातात. पॉलिसल्फाइड सीलंटही त्याच्याजवळ आणायचं नाही, तेही अ‍ॅक्रिलिकला खातं. ९ मिमी मरीन प्लाय स्वस्त आणि भक्कम पडतो, पण त्याच्या सगळ्या कडा, प्रत्येक भोकाची आतली कडासुद्धा, इपॉक्सीचे तीन हात देऊन बंद करायला हव्यात. ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम टिकतं, फक्त स्टेनलेस स्क्रू त्याला जिथे टेकतो तिथे खाऱ्या हवेत गंज धरतो, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. एचडीपीई या प्लास्टिकच्या पांढऱ्या फळ्या बोटीवर बऱ्याच वापरतात, पण त्यावर ना रंग धरत ना गोंद, त्यामुळे मी त्या डॅशसाठी घेत नाही. माझी पहिली पसंती तयार फायबरग्लास-इपॉक्सी पत्र्याला, ४ ते ५ मिमी जाडीच्या. तो कुजत नाही, वाकत नाही, त्यावर रंग धरतो.

फायबरग्लास सांधण्याचं काम

आधी धुणं. साबण आणि पाण्यानं स्वच्छ करा, मग मेण काढणाऱ्या द्रावणानं पुसा, एका फडक्यानं लावा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं टिपा. हे घासण्याच्या आधी करायचं. उलट केलं तर जुनं पॉलिश आणि सिलिकॉन सँडपेपरच्या ओरखड्यांत रुतून बसतं आणि रंगाला नंतर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

आता मागचा आधार. कुजलेला प्लाय कोरड्या, टणक लाकडापर्यंत खरवडून काढा. थोडा कुजका भाग ठेवून वर रेझिन ओतण्याचा मोह होतो, पण कुजकं लाकूड रेझिन प्यायलं तरी बळ धरत नाही. त्या जागी नवा तुकडा बसवा, मरीन प्लायचा किंवा फायबरग्लासच्या पत्र्याचा, घट्ट इपॉक्सीनं चिकटवून वर फायबर कापडाचे दोन थर द्या. स्टीअरिंगच्या मागे हा आधार स्टीअरिंगच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी किमान ५ सेमी मोठा हवा, आणि बोल्ट त्यातून आरपार जाऊन मोठ्या वॉशरवर किंवा प्लेटवर आवळलेले हवेत. इथे लाकडी स्क्रूवर भागवू नका. चाक हातात आलं तर चालत्या बोटीचा ताबा सुटतो.

भोकं बुजवायला रेझिन कोणतं, हे नंतरच्या रंगावर ठरतं. शेवटी जेलकोट लावणार असाल तर पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टर वापरा, कारण इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट भरवशानं धरत नाही. रंग देणार असाल तर इपॉक्सी घ्या. ती जास्त घट्ट धरते आणि सुकताना फारशी आकसत नाही. उन्हात इपॉक्सी पिवळी पडून खराब होते, पण रंगाखाली तो प्रश्न राहत नाही. माझा सल्ला इपॉक्सी आणि रंगाचाच. जुन्या, फिकट झालेल्या जेलकोटशी नवा जेलकोट जुळवणं फार कठीण असतं, आणि डॅशवर प्रत्येक ठिगळ रोज डोळ्यांसमोर राहतं.

समजा गेजचं ८५ मिमी व्यासाचं भोक बुजवायचं आहे आणि फायबरची जाडी ४ मिमी आहे. मागच्या बाजूनं भोकाभोवती साधारण ४ ते ५ सेमी रुंदीचा उतार घासून काढा, म्हणजे जाडीच्या सुमारे बारा पट. पुढच्या कडेलाही सेंटीमीटरभर उथळ उतार द्या, म्हणजे नंतर रंगाखाली गोल कडं उमटणार नाही. पुढून मेण लावलेला गुळगुळीत सनमायक्याचा तुकडा टेपनं घट्ट चिकटवा, तो साच्याचं काम करतो. मग मागून आधी इपॉक्सीत सिलिकाची पूड कालवून केलेल्या घट्ट मिश्रणानं पुढची उथळ कड भरा, आणि त्यावर फायबर कापडाचे गोल तुकडे एकावर एक द्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येक थर ब्रशनं ठोकून त्यातली हवा काढा. एका दमात तीन-चार थरांपेक्षा जास्त नको, जाड थर आतून तापतो आणि धूर सोडू लागतो. दुसऱ्या दिवशी सनमायका सुटला की समोर जवळजवळ सपाट पृष्ठभाग मिळतो.

सुकलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्यानं आणि खरखरीत स्क्रबरनं धुवून काढा, मगच घासा. नुसतं घासलं तर तो पसरतो आणि पुढचा थर सुटतो.

जाळीदार भेगांना नुसती पुट्टी फासून उपयोग नाही. प्रत्येक भेग बारीक रोटरी टूलनं व्ही आकारात, तिच्या तळापर्यंत उघडा आणि मग इपॉक्सीच्या घट्ट मिश्रणानं भरा. आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, मग २२०, आणि प्रत्येक वेळी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघांएवढे चढउतार राहतात, ते चमकदार रंगाखाली उन्हात स्पष्ट दिसतात.

या सगळ्या कामात धुळीचा मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. पॉलिएस्टर वापरत असाल तर वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्कही हवा. त्याचं हार्डनर, एमईकेपी, सहसा वजनाच्या एक ते दोन टक्के पडतं, म्हणजे १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि ते कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो.

मांडणी आधी पुठ्ठ्यावर

रेझिन सुकत असताना पुठ्ठ्याचं खोटं पॅनल कापा आणि गेज, स्विच, प्लॉटर यांचे त्याच मापाचे तुकडे त्यावर टेपनं लावा. लहान गेजना सहसा ५२ मिमी आणि मोठ्यांना सुमारे ८५ मिमी भोक लागतं, पण कड त्याहून मोठी असते, म्हणून बाहेरच्या व्यासानं मोजा. पुठ्ठा जागेवर लावा, चाक बसवा आणि खुर्चीत बसा. मग उभे राहा. चाकाची कड टॅकोमीटर झाकते का? थ्रॉटल पुढे ढकलताना बोटांचे सांधे प्लॉटरला लागतात का? हॉर्न आणि बिल्ज पंपाचा स्विच न बघता हाताला सापडतो का? किल स्विचचं (ओढताच इंजिन बंद करणाऱ्या स्विचचं) टोक चावीच्या आड तर येत नाही? दोन दिवस तो पुठ्ठा तसाच ठेवा आणि परत येऊन बसा. पहिल्या दिवशी सुचलेली मांडणी दुसऱ्या दिवशी क्वचितच तशीच राहते.

मागची खोली मोजायला विसरू नका. प्लॉटरची जाडी, त्यामागे निघणारी प्लगं आणि केबल वळायला लागणारी जागा, हे सगळं धरून. होकायंत्राला स्पीकर आणि प्लॉटरपासून जितकं दूर ठेवता येईल तितकं ठेवा. स्पीकरच्या चुंबकामुळे ते काही अंशांनी सहज भरकटतो.

रंग

रंग मॅट किंवा अर्धमॅट आणि मध्यम, करडा किंवा बदामी, असू द्या. पांढरा चकाकतो, त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून डोळ्यांना त्रास होतो. काळा उन्हात इतका तापतो की साध्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी मऊ पडू लागते आणि कापडाची वीण रंगातून उमटते. प्रायमरचे दोन हात, मध्ये ३२० नंबरनं घासणं, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. दोन भागांचा पॉलियुरेथेन सगळ्यात जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. तो फवारायचा असेल तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा कार्ट्रिज मास्क त्याला पुरेसा नाही. रोलरनं लावून लगेच मऊ ब्रशच्या टोकानं ओढलं तरी डॅशएवढ्या जागेला उत्तम येतो.

भोकं पाडणं

भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा आणि त्यावर आखा. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) आधी उलटा फिरवत पृष्ठभागावर गोल चर पाडा, मग सुलटा करून आरपार न्या, म्हणजे कडेचे टवके उडत नाहीत. चौकोनी भोकाच्या चारी कोपऱ्यांत आधी १२ मिमीच्या ड्रिलनं गोल भोकं पाडा आणि ती जिगसॉनं जोडा. गोल कोपरा ताण पसरवतो. तुमच्या जुन्या डॅशच्या भेगा कोपऱ्यातूनच निघाल्या होत्या, हे इथे आठवा. जुनं भोक थोडं मोठं करायचं असेल तर मध्ये टेकायला जागा नसल्यानं होल सॉ भरकटतो. त्यासाठी प्लायच्या तुकड्यात हव्या त्या मापाचं भोक पाडून तो तुकडा डॅशवर क्लॅम्प करा, तो वाट दाखवतो. कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सीचा किंवा रंगाचा हात द्या.

वायरिंग

इथे घाई केली तर बाकी सगळं काम वाया जातं. जुनी वायर टोकाला सेंटीमीटरभर सोलून बघा. तांबं लखलखीत असेल तर वायर ठीक. काळं किंवा हिरवट असेल तर आणखी १० सेमी मागे कापून पुन्हा बघा. तरी काळंच असेल तर ती वायर बदला. नवी वायर कलई केलेल्या तांब्याची, बारीक तारांची घ्या, घरातल्या वायरिंगची जाड एकेरी तार बोटीच्या कंपनांनी तुटते.

डॅशला मुख्य पुरवठा करणारी वायर किती जाड हवी याचा हिशेब सोपा आहे. समजा डॅशवरचा एकूण भार १५ अँपिअर आहे आणि बॅटरी ५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन १० मीटर. १५ ला १० नं, मग ०.०१७५ नं (हा तांब्याचा रोधांक) गुणा आणि वायरीच्या चौरस मिमीनं भागा. ६ चौरस मिमीच्या वायरीत सुमारे ०.४४ व्होल्ट गळतात, १० चौरस मिमीच्या वायरीत सुमारे ०.२६. मुख्य पुरवठा, दिशादर्शक दिवे, ब्लोअर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यासाठी ही गळती ३ टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६. तेव्हा इथे १० चौरस मिमीच घ्यायची. त्या वायरीचा फ्यूज बॅटरीजवळ, शक्यतो १७ सेमीच्या आत, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर असुरक्षितच राहते. फ्यूज वायरीच्या कुवतीप्रमाणे निवडा. भार मोठा झाला म्हणून फ्यूज वाढवत गेलं की शेवटी वायरच फ्यूजचं काम करते.

डॅशमागे एक पॉझिटिव्ह फ्यूज ब्लॉक, एक निगेटिव्ह बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणि दोन-तीन रिकामे फ्यूज, एवढं ठेवलं तर पुढच्या माणसाला इग्निशनच्या जांभळ्या वायरीवर फांद्या काढाव्या लागणार नाहीत. जुन्या बोटींत रेडिओपासून पंपापर्यंत सगळं त्या एका वायरीवर लटकलेलं सापडतं आणि चावीचा स्विच तापून जळतो.

जुन्या डॅशवर अँमीटर असेल तर तो काढा. चार्जिंगचा पूर्ण प्रवाह त्यातून, म्हणजे डॅशमधून, जातो, आणि एक सैल नटसुद्धा तिथे आगीला पुरतो. त्याच्या दोन जाड वायरी आरपार बोल्टनं घट्ट जोडून इन्सुलेट करा आणि त्या जागी व्होल्टमीटर बसवा, एक टोक इग्निशनला आणि एक निगेटिव्हला.

जोड क्रिम्पनेच, म्हणजे दाबूनच, करा, योग्य मापाची रिंगची लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) आणि चांगलं रॅचेट प्लायर वापरून. प्रत्येक लग जोरानं ओढून बघा, सुटली तर नवी लावा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक बसवा. नुसतं सोल्डर करून सोडू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि कंपनानं तुटते. वायरींचे जुडगे दर ४५ सेमीला बांधा, आणि पॅनलकडे जाणाऱ्या जुडग्याला इतकी ढील द्या की पॅनल पुढे पाडून मांडीवर घेता येईल.

गेज परत बसवण्याआधी टेबलावर तपासा. इंधन गेजला १२ व्होल्ट द्या, सेन्सरची वायर मोकळी ठेवा, मग ती निगेटिव्हला टेकवा. अमेरिकन पद्धतीत सेन्सरचा रोध टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम असतात, म्हणून मोकळी असताना काटा तळाला आणि टेकवल्यावर पूर्ण भरलेल्याच्या खुणेकडे जायला हवा. युरोपियन पद्धतीत १० ते १८० ओहम, आणि तिथे उलट होतं. गेज एका पद्धतीचा आणि टाकीतला सेन्सर दुसऱ्या पद्धतीचा असेल तर दोन्ही धडधाकट असूनही वाचन खोटं येतं. टॅकोमीटरच्या पाठीवर इंजिनाप्रमाणे लावायचा निवडक स्विच असतो. तो आत्ताच योग्य जागी करा, आणि काही वेळा पुढेमागे फिरवा म्हणजे आतला गंज निघेल. काचेआड कायमचं धुकं बसलेला गेज वाचवायच्या नादी लागू नका.

नेटवर्कवरची उपकरणं, म्हणजे एनएमईए २००० वाली, असतील तर वीज बंद ठेवून दोन डेटा वायरींमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना टर्मिनेटर (नेटवर्कच्या टोकाला लावायचे रोध) नीट असतील तर तो साधारण ६० ओहम येतो. १२० आला तर एक टर्मिनेटर हरवलाय.

जोडणी आणि पहिली फेरी

पॅनल बसवताना गोंद नको. मागे पातळ फोमची गॅस्केट आणि पुढून मशीन स्क्रू, डॅशमध्ये पक्क्या बसवलेल्या पितळी इन्सर्टमध्ये. लाकडी स्क्रू प्रत्येक वेळी काढला-लावला की त्याचं भोक ढिलं होत जातं.

बॅटरी जोडण्याआधी सगळे फ्यूज काढून ठेवा, मग एकेक लावून एकेक उपकरण तपासा. दिवे, हॉर्न, बिल्ज पंप, ब्लोअर. प्रत्येक स्विच लावताना होकायंत्राकडे बघा. एखादा स्विच दाबताच त्याची तबकडी हलली तर त्या वायरीचे दोन्ही पदर एकमेकांभोवती पिळून घ्या किंवा वायर दूर न्या. चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवून मागच्या बाजूला केबल कुठे वायरी घासत नाही ना ते पाहा. बोट गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरता कामा नये, आणि किल स्विच ओढताच इंजिन बंद पडायला हवं. या दोन गोष्टी जमेपर्यंत किनारा सोडू नका. पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा.

पहिल्या दहाएक तासांच्या वापरानंतर पॅनल उघडा. प्रत्येक लग हलवून बघा, स्टीअरिंगचे बोल्ट आवळा, टिश्यू पेपर पुन्हा लावून पाण्याचा मागमूस आहे का बघा. मग एका कागदावर वायरिंगचा नकाशा काढा, प्रत्येक फ्यूजचा अँपिअर आणि प्रत्येक वायरीचा रंग लिहून. कागद प्लास्टिकमध्ये बंद करा आणि आजच्या तारखेसह पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवा.